टाकी भरली तरी पंप चालूच!
रक्तदाब, संप्रेरके आणि आपल्या रोजच्या गोळ्या

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर आणि राहायला सेंगकांगच्या अँकरव्हेल भागात, एवढीच माझी ओळख. मी या पानावर लिहिलेच तर ते सीपीएफ किंवा गृहकर्जाबद्दल असेल, असे आपल्याला वाटले असेल. परंतु गेल्या काही वर्षांत एकाच आजाराच्या दोन तऱ्हा माझ्या घरात पाहायला मिळाल्या. एक माझी आणि एक बाबांची. दोन्हींचे नाव रक्तदाबच, पण कारण वेगळे आणि औषधही वेगळे. हा फरक मला वेळेवर कळला, म्हणून हा लेखप्रपंच.

चौतिसाव्या वर्षी १६२/१०४

मार्च २०२२ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १६२/१०४ निघाला. "धावत आलात का?" असे नर्सने विचारले. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर १५८/१०२. त्या आठवड्यात आमचे एक मोठे काम ग्राहकाकडे जायचे होते, तेव्हा सगळा दोष मी त्याच्यावर ढकलला.

एका दवाखान्यात गोळी सुरू झाली. "आयटीवाले ना? ताण असणारच," हे निदानही तिथेच झाले आणि मलाही ते पटले. सौभाग्यवतींनी पापड-लोणची कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर नेली. मी सेंगकांग रिव्हरसाइड पार्कमध्ये रोज पाऊण तास चालू लागलो. सहा महिन्यांत चार किलो वजन उतरले, एकाच्या दोन गोळ्या झाल्या, पण वरचा आकडा दीडशेच्या खाली येईना. शिवाय रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागे. गोळे चालण्यामुळे येतात आणि लघवी पाणी जास्त पिण्यामुळे होते, असे मी स्वतःच ठरवून टाकले होते. इंजिनिअर माणसाला प्रत्येक गोष्टीचे कारण चटकन सापडते, हा आमचा गुण म्हणा की अवगुण!

पुढे मी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊ लागलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे जुने रिपोर्ट शांतपणे वाचले आणि एका आकड्यावर बोट ठेवले. पोटॅशियम ३.२. ते साधारणपणे ३.५ च्या वर असायला हवे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरते, पण मी तशी गोळी घेत नव्हतो. त्यांनी रक्ताच्या दोन चाचण्या लिहून दिल्या, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन. यांतले एखादे नाव मी बारावीच्या जीवशास्त्रात वाचले असेन, पण परीक्षेनंतर त्याची गरज पडेल असे काही वाटले नव्हते.

गच्चीवरची टाकी

नाशिकच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीत तरंगता चेंडू असतो. पाणी खाली गेले की चेंडू खाली येतो आणि तळमजल्यावरचा पंप सुरू होतो. टाकी भरली की चेंडू वर जातो आणि पंप बंद पडतो. आपल्या शरीरातही रक्तदाब सांभाळणारी अशीच एक व्यवस्था आहे.

यातला चेंडू म्हणजे आपली मूत्रपिंडे. रक्ताचा दाब किंवा शरीरातील मीठ कमी झाले की मूत्रपिंडातील काही विशिष्ट पेशी रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. यकृताने तयार करून ठेवलेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडते. त्या तुकड्याला आणखी छाटण्याचे काम मुख्यतः फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांत होते आणि ते एसीई नावाचे विकर करते. अशा रीतीने अँजिओटेन्सिन-२ हे प्रभावी संप्रेरक तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते, तहान वाढवते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडण्याचा हुकूम देते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडांना सांगते, "मीठ आणि पाणी राखून ठेवा, पोटॅशियम बाहेर टाका." दाब वर येतो आणि रेनिन थांबते. कम्पास वनपासून निघून फिरून तिथेच येणाऱ्या आपल्या एलआरटीसारखे हे चक्र दिवसरात्र चालू असते.

हे चक्र कुणा एकाला एका दिवसात सापडलेले नाही. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचून पाहिला. त्यांचा दाब चढला, आणि त्या द्रव्याला नाव मिळाले रेनिन. अल्डोस्टेरॉन हाती लागायला मात्र १९५३ साल उजाडले.

माझे रिपोर्ट आले. अल्डोस्टेरॉन भरपूर आणि रेनिन जवळजवळ शून्य! टाकी काठोकाठ भरली होती, चेंडू वर जाऊन टेकला होता, मूत्रपिंडे "पुरे, पुरे" म्हणत होती, आणि पंप मात्र कुणाचे न ऐकता चालूच होता. पोटॅशियम का गळत होते, पोटऱ्यांत गोळे का येत होते आणि मीठ कमी करूनही आकडा का हलत नव्हता, या सगळ्याचे उत्तर त्या एका कागदावर होते.

दुर्मीळ समजला गेलेला आजार

या विकाराला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांनी १९५४ मध्ये एका ३४ वर्षांच्या स्त्रीत तो प्रथम ओळखला. तिला स्नायूंचा अशक्तपणा होता, दाब जास्त होता आणि पोटॅशियम फार कमी होते. तिच्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ काढल्यावर ती बरी झाली. तेव्हापासून याला कॉन सिंड्रोम असेही म्हणतात. पुढे कित्येक वर्षे हा आजार फार दुर्मीळ समजला जाई, कारण पोटॅशियम उतरले तरच डॉक्टर त्याचा शोध घेत. प्रत्यक्षात अनेक रुग्णांचे पोटॅशियम अगदी नॉर्मल असते.

आपल्याला जवळचा पुरावा सिंगापूरचाच आहे. इथल्या प्राथमिक दवाखान्यांतील रक्तदाबाच्या ३५० रुग्णांची तपासणी करून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातील सुमारे पाच जणांना हा विकार असल्याचे निश्चित झाले. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेले हे अवघड रुग्ण नव्हते, नेहमीच्या दवाखान्यात येणारी तुमच्याआमच्यासारखी माणसे होती. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार सिंगापुरातील १८ ते ७४ वयाच्या रहिवाशांपैकी ३७ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. त्यातले पाच टक्के म्हटले तरी संख्या किती मोठी होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे शोधायचे कशासाठी? आकडा सारखाच असला तरी या विकारात पक्षाघात, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि मूत्रपिंडांची हानी यांचा धोका साध्या रक्तदाबापेक्षा जास्त असतो, कारण जास्तीचे अल्डोस्टेरॉन हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थेट इजा करते. आणि उपाय तर हाताशी आहे. दोष एकाच ग्रंथीत असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती काढता येते. दोन्हींत असेल तर अल्डोस्टेरॉनला रोखणारी गोळी घ्यायची. कोणती ग्रंथी दोषी आहे हे पाहण्यासाठी स्कॅन करतात आणि दोन्ही ग्रंथींच्या शिरांतले रक्त वेगवेगळे घेऊन तपासतात. माझ्या दोन्ही ग्रंथी सामील निघाल्या, म्हणून माझ्या वाट्याला गोळी आली.

चक्रात कोणती गोळी कुठे बसते?

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की डॉक्टरांच्या चिठ्ठीतली नावे ओळखीची वाटू लागतात. नावाच्या शेपटावरूनही बरेच कळते.

"प्रिल" शेपटाच्या गोळ्या (एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल) एसीईला रोखतात, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ तयारच होऊ देत नाहीत. काहींना यांनी कोरडा खोकला येतो. महिनाभर खोकल्याची औषधे पिण्यापेक्षा ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

"सार्टन" शेपटाच्या गोळ्या (लोसार्टन, टेल्मिसार्टन, वल्सार्टन) अँजिओटेन्सिन-२ ज्या कुलपाला किल्लीसारखे लागते ते कुलूपच अडवून ठेवतात. खोकला सहसा येत नाही. प्रिल आणि सार्टन दोन्ही गर्भावस्थेत बाळाला घातक ठरू शकतात. आपल्या मंडळात तरुण जोडपी बरीच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो: मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यावी.

"डिपिन" गोळ्या (अम्लोडिपिन, निफेडिपिन) या चक्राच्या बाहेर राहून रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. घोट्यांवर सूज येऊ शकते. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा इंडापामाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतात, पण सोबत सोडियम आणि पोटॅशियमही उतरवू शकतात. "ओलोल" गोळ्या (अटेनोलोल, बिसोप्रोलोल) हृदयाची गती कमी करतात आणि रेनिनही थोडे दाबतात. या एकदम कधीही बंद करू नयेत, आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि शेवटी माझी स्पायरोनोलॅक्टोन. ही अल्डोस्टेरॉनला मूत्रपिंडात काम करू देत नाही. हृदय कमकुवत होऊन नीट पंप करीनासे झालेल्या रुग्णांना हीच गोळी फार उपयोगी पडली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांत तिची भर घातल्यावर गंभीर रुग्णांतील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. पुरुषांत तिचा एक अडचणीचा परिणाम असतो, छाती दुखते किंवा किंचित वाढते. माझी दुखू लागली तेव्हा संकोचापायी मी महिनाभर गप्प राहिलो. शेवटी सांगितले, तर डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी करून अम्लोडिपिन जोडले आणि प्रश्न मिटला.

या गोळ्या चालू असताना स्वयंपाकघरातही लक्ष हवे. प्रिल, सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवू शकतात, आणि दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियमच असते. तेव्हा असे मीठ आणण्यापूर्वी विचारून घ्या. सैंधव हेही प्रामुख्याने तेच मीठ आहे, त्याने रक्तदाबाला सवलत मिळत नाही. आणि ज्येष्ठमध! घसा बसला की आपण काडी चघळतो, इथल्या चिनी काढ्यांतही ते असते. पण ज्येष्ठमध बरेच दिवस घेतले तर शरीरात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखाच परिणाम होतो, म्हणजे दाब वर आणि पोटॅशियम खाली. गुडघेदुखीसाठी आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकनेही दाब चढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

बाबांच्या गोळ्या मोजल्या तेव्हा

डिसेंबर २०२४ मध्ये आई-बाबा नाशिकहून आले. बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी ते बारा वर्षे घेत आहेत. आमच्या यंत्रावर त्यांचा दाब १२८/७८ आला. मोठ्या समाधानाने त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली! आम्हाला पत्ता नाही. दहाव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, यांचं डोकं जड आहे म्हणतात." पाहतो तो १८४/९८. मी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि काय ते समजलो.

"नॉर्मल आलं होतं ना? मग कशाला उगाच पोटात रसायनं?" बाबांचा सवाल.

"बाबा, ते गोळीमुळे नॉर्मल होतं," मी म्हणालो. "छत्रीखाली कोरडे आहोत म्हणून पावसात छत्री मिटायची का?"

इमारतीखालच्या दवाखान्यात गेलो. भारतातल्या ब्रँडचे नाव तिथे कुणाला कळेना. सौभाग्यवतींनी निघण्यापूर्वी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घेतला होता, त्यावर मूळ औषधांची नावे आणि मात्रा होत्या, म्हणून काम भागले. गोळी पुन्हा सुरू झाली आणि काही दिवसांत आकडा उतरला. बाबांचे नशीब चांगले. अशा दहा दिवसांत एखाद्याला पक्षाघात होऊन जातो.

परत येताना बाबांनी आणखी एक प्रश्न विचारला. "आपल्याकडे यावर काही औषध नव्हतं का रे?" होते, आणि ते थेट मुंबईहून जगभर गेले. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या रक्तदाबावरील परिणामाविषयी लिहिले. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांवर पद्धतशीर तपासली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. सगळ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या काळी रक्तदाबावर फारसे काही हाताशी नसताना हे मोठेच काम होते.

मग आज ती सर्रास का देत नाहीत? रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला साठाच रिकामा करते. त्यामुळे दाब उतरतो, पण काहींना सुस्ती येते, नाक चोंदते आणि मन खिन्न होते. यापेक्षा नेमकी औषधे पुढे आली. गंमत अशी की त्यातले पहिले प्रिल, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून जन्मले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. तेव्हा सर्पगंधेचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिचे चूर्ण आपल्या मनाने चालू गोळ्यांच्या जोडीला घेऊ नये.

नाशिकला परतल्यावर बाबांनीही रेनिन-अल्डोस्टेरॉनची चाचणी करून घेतली. त्यांचा पंप ठीक निघाला. त्यांचा आजार बहुसंख्यांसारखा, वय, मीठ आणि वारसा यांनी मिळून झालेला.

खिशाचा हिशेब

आता अर्थाकडे वळू. इथले नागरिक आणि पीआर यांना दीर्घ आजारांच्या योजनेखाली पॉलिक्लिनिकमध्ये आणि योजनेतील खासगी दवाखान्यांत रक्तदाबासाठी मेडिसेव्हचे पैसे वापरता येतात. त्याला वार्षिक मर्यादा आहे आणि काही रक्कम रोख भरावी लागू शकते. चाळिशीनंतर हेल्दिअर एसजीमध्ये नाव नोंदवता येते, त्यात पीआरही येतात. चासचे कार्ड मात्र फक्त नागरिकांना मिळते. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्यांना यातले काही नाही, त्यांचा सगळा भार कंपनीच्या विम्यावर. नोकरी बदलताना नव्या विम्यात जुन्या आजाराबद्दल काय लिहिले आहे, ते सही करण्यापूर्वी वाचावे. आणि विम्याच्या अर्जात रक्तदाब लपवू नये. लपवलेली गोष्ट नेमकी दावा करताना बाहेर येते.

आई-वडील येणार असतील तर प्रवास विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, ते पाहा. बहुधा नसतो. बाबांचे बिल आम्ही रोखच भरले. स्वतःपुरती औषधे तीन महिन्यांची आणता येतात. ती मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह आणावीत. झोपेची, मानसिक आजाराची किंवा कोडीन असलेली औषधे असतील तर आगाऊ परवानगी लागू शकते.

कुणी चाचणीबद्दल विचारावे?

१. चाळिशीच्या आत रक्तदाब सुरू झाला असेल तर.
२. तीन गोळ्या नियमित घेऊनही आकडा उतरत नसेल तर.
३. पोटॅशियम कमी निघाले असेल, किंवा स्कॅनमध्ये ॲड्रिनल ग्रंथीत गाठ दिसली असेल तर.
४. घरात कुणाला तरुण वयात पक्षाघात झाला असेल तर.

२०२५ मध्ये अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने तर रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची ही तपासणी करावी, असे सुचवले आहे. काही गोळ्यांमुळे चाचणीचा निकाल बदलतो, म्हणून कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी दाब मोजताना पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून स्वस्थ बसा. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असे सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा आणि ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा. घरचा सरासरी आकडा १३५/८५ च्या वर असेल तर तो जास्त समजतात. आणि मीठ? २०२२ च्या पाहणीत सिंगापुरातील माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ३,६२० मिलिग्रॅम सोडियम जात असल्याचे दिसले. शिफारस २,००० ची आहे. तेव्हा पापड-लोणची वरच्या फळीवरच बरी.

आज माझा दाब १२६/८० च्या आसपास असतो आणि पोटऱ्यांतले गोळे केव्हाच गेले. दर रविवारी संध्याकाळी नाशिकहून बाबांचा फोन येतो. पूर्वी ते "कसा आहेस?" असे विचारत. आता आधी आकडा सांगतात, मग किती गोळ्या शिल्लक आहेत ते सांगतात, आणि त्यानंतर माझा आकडा विचारतात.

चूकभूल द्यावी घ्यावी.